उंचीच्या दवाखान्यातल्या सिस्टर

खैरनार सिस्टर पाच फूट आठ इंच होत्या आणि आमचा दवाखाना उंची न वाढणाऱ्या मुलांचा. पहिल्यांदा आलेलं मूल दारात थबकायचं, मान वर करत करत त्यांच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचायचं, आणि तेवढ्यात सिस्टर खाली बसलेल्या असायच्या. भिंतीशी एक बुटकं लाकडी स्टूल होतं. त्यावर बसलं की त्यांचे गुडघे हनुवटीशी यायचे. "हां, आता बोल," त्या म्हणायच्या. "तुनं नाव काय शे?"

त्या सटाण्याकडच्या. उभा जन्म नाशकात नोकरी करूनही लहान मुलांशी बोलताना आणि मोठ्यांवर रागावताना त्या अहिराणीवर यायच्या. शहरातल्या मुलांना ती कळायची नाही, पण हसू यायचं. हसलेलं मूल मोजपट्टीपाशी सरळ उभं राहतं आणि घाबरलेलं अर्धा सेंटीमीटर कमी भरतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मुलांच्या आया हमखास विचारायच्या, "सिस्टर, तुम्ही लहानपणी काय खात होता हो?"

"डाळिंबं," त्या म्हणायच्या. "आणि मार."

लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर, "मंगलाष्टकांना नवऱ्याला स्टुलावर उभं करावं लागलं असतं," एवढंच उत्तर मिळायचं. त्यापलीकडे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. सटाण्याला भाऊ होता, भावाची एक मुलगी होती, आणि पगारी रजा त्या तिच्या परीक्षांच्या वेळीच घ्यायच्या, एवढं मला ठाऊक होतं. तेही रजेच्या अर्जावरून.

मी या इंदिरानगरातल्या दवाखान्याचं व्यवस्थापन बघते. कोणाला कधी बोलवायचं, औषधं किती उरली, फ्रिजचं तापमान काय, कोणाची रक्ततपासणी जवळ आली, हे सगळं माझ्या वह्यांत असतं. यादी केल्याशिवाय मला काही सुचत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. सिस्टर मला यादीबाई म्हणायच्या. माझं नाव वंदना आहे हे त्यांना फक्त माझ्या वाढदिवसाला आठवायचं.

ज्या मुलांच्या शरीरात वाढीचं हार्मोन कमी तयार होतं, त्यांना ते इंजेक्शनने द्यावं लागतं. रोज संध्याकाळी, घरीच, काही वर्षं. अशा घरातल्या सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या पट्टीला चिकटलेले असतात. सिस्टर उंची मोजायच्या त्यात हयगय नसे. केसांतल्या क्लिपा काढायला लावायच्या, उंच बांधलेली वेणी सोडायला लावायच्या, टाचा स्वतःच्या हाताने भिंतीला टेकवायच्या आणि तीनदा मोजायच्या. पण आकडा लिहून झाला की कापडी टेप मुलाच्या कमरेभोवती जायचा. मग मान खाली घालायला लावून मानेमागची कातडी काळवंडली आहे का ते बघायच्या. मग प्रश्न. तहान किती लागते? रात्री उठतोस का? पोळ्या किती?

एकदा एक वडील वैतागले. "आम्ही उंचीसाठी आलोय सिस्टर. पोट कशाला मोजताय?"

"भाऊ, हे औषध काय फक्त हाडांना चिठ्ठी धाडतं?" सिस्टर टेपवरची नजर न काढता म्हणाल्या. "चरबीला सांगतं, निघ. स्नायूला सांगतं, भर. रक्तातल्या साखरेलाही काहीबाही सांगतं. हाडांचं उत्तर भिंतीवर दिसेल. बाकीच्यांचं कोणी ऐकायचं?"

आमचे डॉक्टर पलीकडच्या खोलीत होते. ते मला नंतर म्हणाले, "मी हेच सांगायला अर्धा तास घेतो आणि तरी लोकांना कळत नाही."

माझं आणि सिस्टरांचं एकदाच वाजलं, तेही सुयांवरून. इंजेक्शनच्या पेनाला लावायच्या बारीक सुयांचा हिशेब माझ्याकडे असतो. दर महिन्याला पाच-सात सुया कमी भरायच्या. मी दोन महिने गप्प राहिले, तिसऱ्या महिन्यात सगळ्यांना विचारलं, चौथ्या महिन्यात कपाटाला कुलूप लावलं. तेव्हा सिस्टर माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एक काढून दे."

"कशाला?"

"ये, दाखवते."

आत एक सात वर्षांचा मुलगा आईच्या साडीत तोंड खुपसून बसला होता. त्याचं पहिलं इंजेक्शन होतं. सिस्टर स्टुलावर बसल्या, अंगातल्या पांढऱ्या कुडत्याची कड एका बाजूने जराशी वर केली आणि कोरी सुई स्वतःच्या पोटात टोचली. काढली. "मुंगी," त्या म्हणाल्या. "लाल नाही, काळी. बघ रक्त आलं का?" मुलाने साडीतून एक डोळा बाहेर काढला. रक्त आलं नव्हतं. मग दुसरी सुई उघडून त्याला टोचली.

प्रत्येक नव्या मुलासमोर त्या हे करत होत्या. मी कुलूप काढलं आणि साठ्याच्या वहीत एक नवा रकाना आखला, त्यावर "सिस्टर" असं लिहिलं. त्यानंतर सुया कधी कमी भरल्या नाहीत.

श्रावणी आमच्याकडे आली तेव्हा साडेदहा वर्षांची होती आणि दिसायची सातची. निफाडजवळच्या गावात त्यांची द्राक्षबाग. वडील, आजी आणि ती असे तिघं बागेच्या पिकअपमधून यायचे. आई बागेतल्या मजुरांकडे बघायला मागे राहायची. श्रावणीचा भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा, पण तिच्या डोक्यावरून बघायचा. पाहुणे आले की तिला विचारायचे, "दादा कुठे गेला गं?" हे तिने सिस्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की हाडांची टोकं अजून उघडी आहेत, चार-एक वर्षं हातात आहेत. त्यात जे व्हायचं ते होईल, नंतर नाही.

तीन महिन्यांनी आजी भांडायला आली. नऊवारीचा पदर खोचून ती थेट सिस्टरांच्या खोलीत गेली.

"बाई, पोरगी वाळली माझी. गाल बघा, निस्ती हाडं. लोकं म्हनत्यात, कसलं औषध देऊन ऱ्हायले? मी रोज तुपाचे दोन लाडू घालते, तरी गाल नाय येत."

श्रावणीचे गोबरे गाल खरंच गेले होते. या औषधाने सुरुवातीला मुलांच्या अंगावरची चरबी उतरते, पोट आत जातं. आमच्याकडे माहितीपत्रकात ते चौथ्या क्रमांकावर छापलेलं आहे. मी ते पत्रक घेऊन उठणार होते.

सिस्टरांनी श्रावणीला उभं केलं आणि तिच्या सलवारीची शिवण उसवून सोडलेली पट्टी आजीला दाखवली. "ही कोणी उसवली?"

"मीच. आखूड झाली ना."

"आणि कंबर?"

"कमरेला टाके घातले. सैल होत होती."

"मग आजी, गाल कुठे गेले ते तुम्हीच शोधून काढलं की. पायात गेले." आजी त्या शिवणीकडे बघत राहिली. सिस्टर हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "लाडू बंद करा. दोनाचा एक नाही, बंदच. हिच्या आजोबांना साखर होती ना?"

आजीने मान हलवली. वडील दारात उभे होते, ते तिथून बाजूला झाले.

वडिलांच्या त्या बाजूला होण्याचा अर्थ त्या वेळी मला लागला नाही. तो आणखी तीन महिन्यांनी लागला.

सहा महिने झाले की आम्ही उपाशीपोटी रक्त तपासतो. त्याच्या सूचना मी स्वतः लिहिलेल्या आहेत, दहा ओळींच्या. रात्री नऊनंतर काही खाऊ नये, सकाळी दूध नाही, चहा नाही, बिस्किट नाही, फक्त पाणी. उपचार सुरू होण्यापूर्वीच्या तपासणीला श्रावणी मामाकडे नाशकात मुक्कामाला होती, तेव्हा सगळं व्यवस्थित आलं होतं. या वेळी ते पहाटे निफाडहून निघून आले. साखर आली एकशे अठरा. उपाशीपोटी ती शंभराच्या आत हवी.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. या औषधाने साखर थोडी वर सरकू शकते, बहुतेक मुलांमध्ये ती मर्यादेतच राहते, घरात आजार असेल तर जास्त लक्ष ठेवायचं. पुन्हा तपासू, तोवर इंजेक्शन चालू ठेवा. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि सिस्टरांच्या खोलीत येऊन औषधाची पिशवी टेबलावर ठेवली.

"हे परत घ्या. आजपासून बंद. उंची नको मला. पोरगी पायजेल."

श्रावणी खुर्चीत बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. ती रडली नाही. तिने फक्त पिशवीकडे बघितलं.

सिस्टर स्टुलावर बसल्या. श्रावणीला म्हणाल्या, "मला आजची सकाळ सांग. उठल्यापासून. काही गाळू नको."

"उठले. दात घासले. आंघोळ केली. हा ड्रेस घातला."

"पाणी प्यायलीस?"

"अर्धा पेला. मग देवाला नमस्कार केला, आईला केला. मग उंबऱ्यात आजीने हातावर दही-साखर ठेवली. मग गाडीत बसले."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातली फाइल खाली ठेवली.

"आजी, साखर किती होती?" त्यांनी विचारलं.

"दोन चमचे," आजी म्हणाली. तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "पन ते खानं कुठं हाय बाई? शकुनाचं हाय ते. एवढ्या मोठ्या कामाला चालली होती. आमच्यात कोनी कोरड्या हाताने उंबरा नाय वलांडत."

"आई," वडील म्हणाले. चेहरा लाल झाला होता. "तुला कागद वाचून दाखवला होता मी."

"त्यात दही नव्हतं लिवलेलं."

"भाऊ, आजींना बोलू नका," सिस्टर म्हणाल्या. "यादीबाई, आहे का आपल्या कागदावर दही-साखर?"

"नाही," मी म्हटलं.

"मग चूक आमची."

मी वहीत लगेच लिहून घेतलं. अकरावी ओळ. सिस्टरांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "लिही. पुढच्या वेळी कोणी अंगारा लावलेला पेढा देईल."

वडील मात्र हसले नाहीत. "दह्यानं वाढली का सुईनं वाढली, मला कसं कळायचं?" ते म्हणाले. "माझ्या बापाला बी डॉक्टर असंच म्हनले होते. चहा पिऊन आला असशील, म्हने. तीन वर्सं त्याच भरवशावर काढली. मग अंगठा गेला. मग पाय गेला. मग बाप गेला. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होतो सिस्टर, तेव्हाच ठरवलं, आपल्या घरात पुन्हा हे येऊ द्यायचं नाय."

सिस्टर त्या माणसाला उलट काही सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "त्या चहानंतर वडिलांची परत तपासणी कधी केली?"

"केलीच नाय."

"तीन वर्षांत एकदाही?"

"कोन नेनार? मी शाळेत होतो."

"आपण उद्या करू. उद्या रविवार आहे. मीच घरी येते, रक्त घ्यायचं सामान घेऊन. साखर जास्त आली, तर डॉक्टर चालू ठेवा म्हणाले तरी मी तुम्हाला बंद करा म्हणून सांगेन. नीट आली, तर औषध चालू राहील आणि दर तीन महिन्यांनी मी स्वतः हिची साखर बघेन. हिचं औषध संपेपर्यंत. दुसऱ्या कोणावर सोडणार नाही."

"लेखी द्याल?"

"लेखी हिच्याकडून घ्या." सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तिला हौस आहे."

मी खरंच लिहून दिलं. तारखांसकट.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी एसटीने निफाडला निघालो. रक्ताचे नमुने नेण्याचा थंड डबा माझ्या जबाबदारीवर असतो, तो मी कोणाकडे देत नाही, म्हणून मी. थंडी कडाक्याची होती. निफाडच्या अलीकडे बागांमधून शेकोट्या पेटलेल्या दिसत होत्या. द्राक्षांना गारठा लागू नये म्हणून ओळींमधून पेटवतात. धूर खाली बसला होता आणि त्यातून मफलर गुंडाळलेली माणसं चालत होती. सिस्टर खिडकीला टेकून बघत होत्या. "माणसं वेलीला जपतात बघ," एवढंच म्हणाल्या. मी डब्यातला बर्फ तपासत होते.

घराच्या ओट्यावर श्रावणी स्वेटर घालून तयार होती. वडील पिकअपला टेकून उभे. आई चुलीपाशी, धाकटा भाऊ खांबामागे. सिस्टरांनी बसायला पाट मागितला, सगळं सामान कपड्यावर मांडलं, आणि मग वर बघितलं. आजी दारात उभी होती. एक हात पदराखाली होता. पदराखाली वाटी आहे हे ओट्यावरच्या सगळ्यांना कळलं.

"आई, नाय म्हनलं ना," वडील म्हणाले.

"देत नाय रे तिला," आजी म्हणाली. ती खरंच देत नव्हती. पण वाटी आत ठेवून यायलाही तिचा पाय निघत नव्हता. "निस्ती धरून उभी हाय."

"झाल्यावर दे तिला."

"काम झाल्यावर शकुन कशाला रे?"

श्रावणी एकदा आजीकडे आणि एकदा वडिलांकडे बघत होती. मग तिने सिस्टरांना विचारलं, "जास्त आली तर मी एवढीच राहणार का?"

सिस्टर तिला खोटं सांगणार नाहीत हे मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "आज जास्त आली तर दुसरा उपाय बघू. तो नाही निघाला तर एवढी राहशील. आणि एवढी राहिलीस तरी मी तुला भेटायला याच पाटावर येऊन बसेन." मग उठल्या. उभ्या राहिल्यावर त्यांचं डोकं ओट्याच्या वाशाला लागत होतं, त्यामुळे मान वाकवून त्या दारापाशी गेल्या आणि आजीसमोर उजवा तळहात पसरला.

"आजी, आज काम कोणाचं आहे? सुई कोण धरणार?"

"तुमी."

"मग शकुन मला द्या."

आजीचा पदर हलला. मग वाटी बाहेर आली. दही, वर दोन चमचे साखर, तळहातावर. सिस्टरांनी ते खाल्लं, तळहात चाटून पुसला, आजीच्या पाया पडल्या. मग दोनदा साबणाने हात धुतले आणि श्रावणीचं रक्त काढलं. पहिल्याच टोचण्यात शीर मिळाली.

परतीच्या एसटीत मी त्यांना बोलले. कारण सिस्टरांना स्वतःला साखर होती. गोळ्यांची पाकिटं कापडी टेप ठेवायच्या खणात असायची आणि हे दवाखान्यात फक्त मला माहीत होतं.

"दोन चमचे साखर खाल्लीत उपाशीपोटी."

"मग काय म्हाताऱ्या बाईला ताटकळत ठेवू?"

"तुमची शेवटची तपासणी कधी झाली?"

"झाली की."

"कधी?"

"डबा नीट धर. बर्फ वितळतोय," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या. मी डबा नीट धरला. बर्फ वितळत नव्हता.

श्रावणीची साखर चौऱ्याण्णव आली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही ठीक होती. इन्सुलिन थोडं वर होतं, ते या औषधावर अपेक्षित असतं असं डॉक्टर म्हणाले. कोलेस्टेरॉल तर आधीपेक्षा उतरलं होतं. त्यांनी घरचा इतिहास बघून डोस किंचित कमी केला. सिस्टरांनी फोन लावला तेव्हा मी शेजारी होते. पलीकडून वडिलांनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "बरं. संध्याकाळी टोचतो." आणि टेबलावर ठेवून गेलेली औषधाची पिशवी न्यायला तासाभरात हजर झाले.

पुढचे सगळे तिमाही नमुने सिस्टरांनी घेतले. मधल्या काळात त्या निवृत्त झाल्या आणि सटाण्याला भावाकडे राहायला गेल्या. मी नव्या सिस्टरांना सगळं समजावून दिलं होतं, अगदी कमरेच्या टेपापर्यंत. पण श्रावणीच्या तारखेला खैरनार सिस्टर सकाळी साडेसातला दारात असायच्या. सटाण्याहून पहाटेची एसटी पकडून. मी म्हणायचे, "सिस्टर, आता नव्या आहेत ना." त्या म्हणायच्या, "तू लिहून दिलंयस. माझं नाव घालून." एकदा साखर एकशे दोन आली, तेव्हा त्यांनी श्रावणीच्या आईला समोर बसवून तासभर घरातल्या डब्यांची झडती घेतली. कुठल्या डब्यात काय, शाळेतून आल्यावर हाताला पहिलं काय लागतं. बिस्किटांचा डबा निघाला. धाकट्याचा होता, दोघांत चालायचा. तीन महिन्यांनी साखर पुन्हा नव्वदीत.

श्रावणी भावाच्या पुढे कधी गेली नाही. तो लांबच लांब निघाला. पण कानापर्यंत आली, वर्गात मधल्या बाकावर गेली, आणि पाहुणे तिला ताई म्हणू लागले. मागच्या उन्हाळ्यात एक्स-रे सांगू लागला की हाडं आता मिटली. औषध बंद करायचं ठरलं. शेवटची तपासणी होती.

सिस्टर आल्या. वेळेवर, नेहमीसारख्या. मला थोड्या वाळलेल्या वाटल्या, पण त्या दिवशी माझ्यासमोर एकवीस मुलांची यादी होती. श्रावणीचं रक्त त्यांनी घेतलं. स्टुलावर बसताना भिंतीचा आधार घेतला, ते मी बघितलं. एका पायात मोजा होता आणि त्यावर सैल चप्पल. मे महिन्यात मोजा. हेही मी बघितलं होतं, आणि पुढचं नाव पुकारलं होतं.

रिपोर्ट दुपारी आला. सगळं व्यवस्थित होतं. वडिलांनी कागद हातात घेतला आणि आकड्यावर अंगठा फिरवला. मग सिस्टरांना नमस्कार करायला वाकले. वाकले ते वर आलेच नाहीत.

"सिस्टर, पायाला काय झालं?"

"काही नाही हो. चप्पल लागली."

"मोजा काढा."

"अहो भाऊ, पट्टी बांधलीय. नवी चप्पल होती."

"माझा बाप बी चप्पलच म्हनायचा." ते जमिनीवर बसले. "काढा सिस्टर. नायतर मी काढतो."

श्रावणीच्या वडिलांनीच हलक्या हाताने मोजा उतरवला आणि पट्टी सोडली. अंगठ्याच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. श्रावणीने माझा दंड धरला.

"किती दिवस झाले?"

"पंधरा-वीस."

"दुखतं?"

"नाही ना. दुखत असतं तर दाखवलं नसतं का?"

"दुखत नाय तेच वाईट," ते म्हणाले. अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं. "हे तुमाला मी सांगायचं का?"

सिस्टर उतरवलेल्या मोज्याची घडी घालू लागल्या. माझ्या वहीत श्रावणीच्या प्रत्येक तारखेपुढे खूण होती. खैरनार सिस्टरांच्या साखरेसाठी त्या वहीत एक ओळसुद्धा मी कधी आखली नव्हती, आणि गोळ्यांचा खण रोज माझ्यासमोर उघडत होता.

आमच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि लगेच पायांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. आत्ताच्या आत्ता आणा, असं तिकडून उत्तर आलं. मी रुग्णवाहिकेचा नंबर शोधायला घेतला. तोवर वडिलांनी पिकअप दाराशी आणली होती.

ते बोट पुढे काढावं लागलं. पाऊल वाचलं. हे मला फोनवर कळलं. सिस्टर आता सटाण्याला असतात आणि श्रावणीचे वडील महिन्यातून एकदा तिकडे जातात, हेही फोनवरच. माझं जायचं आठ वेळा ठरलं आणि आठही वेळा काहीतरी निघालं. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर त्या अजून त्या दुपारच्याच आहेत. पिकअपच्या पुढच्या सीटवर, मधे श्रावणी, कडेला त्या. उंच बाई, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले, पाय श्रावणीच्या ओढणीच्या घडीवर ठेवलेला. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. मी खिडकीपाशी जाऊन त्यांची पर्स आणि कागद आत दिले.

"भावाला काही कळवू नकोस," त्या मला म्हणाल्या. "त्याच्या पोरीची परीक्षा चालू आहे. उगाच धावत येतील सगळे."

श्रावणीच्या वडिलांनी गाडी सुरू केली आणि त्यांच्यावरून वाकून माझ्याकडे बघितलं.

"कळवा, मॅडम," ते म्हणाले.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या डोळ्यांदेखत फोन काढला आणि सटाण्याचा नंबर लावला.